‘रानटी’ पूर्वज आणि परका शिल्पी : ब्रिटनमधील प्रागैतिहासिक स्मारकांच्या अर्थनिर्णयातील पूर्वग्रह

पुरातत्त्वाच्या इतिहासात काही प्रश्न असे आढळतात की, त्यांची उत्तरे पिढ्यापिढ्यांनी बदलली. प्रश्नाची घडण मात्र तशीच राहिली. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील स्टोनहेंज कोणी उभारले, हा असाच एक प्रश्न होय. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याला रोमन, डेन, ड्रुइड, इजिप्शियन, मायसीनियन अशी नानाविध उत्तरे देण्यात आली. ही उत्तरे चुकीची ठरली एवढ्यावरून त्यांच्या कर्त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. कालमापनाची साधनेच नसताना चूक होणे स्वाभाविक होते. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. यांपैकी बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच अनुमान दिसते. वास्तू श्रेष्ठ आहे. ती जेथे उभी आहे त्या भूमीचे प्राचीन रहिवासी रानटी होते. म्हणून ती दुसऱ्या कोणी तरी उभारली असली पाहिजे, निदान उभारावयास शिकविली असली पाहिजे. यातील मधले विधान पुराव्याने सिद्ध करावयास हवे, असे फारच थोड्यांना वाटले. खरा पूर्वग्रह वसत होता तो या मधल्या विधानात. ब्रिटिश विद्वानांनी तो प्रथम आपल्याच पूर्वजांविषयी बाळगला, ही त्यातील विशेष उद्बोधक गोष्ट होय.

इनिगो जोन्स हा इंग्लंडच्या दरबारातील नामांकित वास्तुशिल्पी. पहिल्या जेम्स राजाच्या इच्छेवरून त्याने १६२० मध्ये स्टोनहेंजची पाहणी केली. त्याच्या टिपणांवरून सिद्ध झालेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६५५ मध्ये, जॉन वेब याने प्रसिद्ध केला. स्टोनहेंज हे रोमनांनी बांधलेले आकाशदेवतेचे मंदिर आहे, असा त्यातील सिद्धान्त. त्याला आधार कोणता? प्राचीन ब्रिटन लोक उघडेनागडे हिंडणारे व कलाविद्यांचा गंध नसलेले होते, असे रोमन ग्रंथकारांनी लिहून ठेवले आहे; तेव्हा इतकी प्रमाणबद्ध रचना त्यांच्या हातून होणे शक्य नाही. जिंकणाऱ्याने जितांचे केलेले वर्णन जितांच्या वंशजाने येथे निमूटपणे प्रमाण मानले आहे. शिवाय सीझर ब्रिटनमध्ये उतरला तो इ. स. पू. ५५ मध्ये, स्टोनहेंजचे प्रचंड सार्सेन स्तंभ उभे राहिले ते इ. स. पू. २५०० च्या सुमारास. सीझरपासून आजपर्यंत जेवढा काळ लोटला त्याहून अधिक काळ या दोन घटनांमध्ये लोटला आहे. जोन्सला ही तारीख ठाऊक असणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु मोजमाप तर त्याच्या हातात होते. आतील पाच त्रिशिला, म्हणजे दोन उभ्या शिलांवर एक आडवी शिला अशा रचना, घोड्याच्या नालाच्या आकारात मांडलेल्या आहेत. जोन्सच्या आराखड्यात त्या सहा होऊन नियमित षट्कोनात बसल्या. रोमन भूमितीला षट्कोन हवा होता, म्हणून दगडांनी आपली जागा बदलली. पूर्वग्रह अर्थ लावण्याच्या पायरीवर शिरतो असे सामान्यतः मानले जाते. येथे तो नोंदीच्याच पायरीवर शिरलेला दिसतो.

जोन्सचे खंडन करणारा राजवैद्य वॉल्टर चार्लटन याने १६६३ मध्ये स्टोनहेंजचे कर्तृत्व डेन लोकांना दिले व तेथे त्यांच्या राजांची निवड होत असे असे सांगितले. राजसत्तेची पुनःस्थापना होऊन अवघी तीन वर्षे झाली होती आणि ग्रंथ दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केलेला होता, हे लक्षात घेता त्या निवडीची कल्पना कोणत्या हवेत जन्मली हे उघड होते. रोमनांच्या जागी डेन आले. स्थानिकांची जागा मात्र रिकामीच राहिली.

या पार्श्वभूमीवर जॉन ऑब्रे याचे कार्य लक्षणीय ठरते. एव्हबरी येथील विशाल शिलावर्तुळ १६४९ मध्ये त्याच्या दृष्टीस पडले. पुढे अशा वर्तुळांच्या नोंदी गोळा करताना त्याच्या ध्यानात आले की, जेथे रोमन पोचले नाहीत, सॅक्सन पोचले नाहीत, डेनही पोचले नाहीत, अशा प्रदेशांतही ती आहेत. तेव्हा ती या सर्वांच्या पूर्वीची, स्थानिक ब्रिटन लोकांचीच असली पाहिजेत. ही तर्कपद्धती निर्दोष आहे. ती कोणाच्याही योग्यतेविषयी काही गृहीत धरीत नाही. केवळ स्मारकांचा प्रादेशिक विस्तार आणि आक्रमकांचा विस्तार यांची तुलना करते. मात्र ऑब्रे स्वतः पूर्वग्रहमुक्त होता असे नाही. प्राचीन ब्रिटन लोक हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांहून थोडेच कमी रानटी असावेत, अशीच त्याची समजूत होती. वसाहतीच्या अनुभवातून तयार झालेले ‘रानटी’ माणसाचे चित्र त्यानेही स्वदेशाच्या भूतकाळावर बसविले. तरीही त्याचा निष्कर्ष बरोबर आला, कारण त्याची पद्धती त्याच्या समजुतीवर अवलंबून नव्हती. त्याचा ‘मोन्युमेंटा ब्रिटानिका’ हा संग्रह मात्र १९८०-८२ पर्यंत छापला गेला नाही.

विल्यम स्टुकली याचे उदाहरण नेमके उलट आहे. १७१८ ते १७२४ या काळातील त्याची क्षेत्रपाहणी अतिशय काटेकोर होती. स्टोनहेंजकडे जाणारा प्राचीन मार्ग त्याने ओळखला, त्याचा रोख उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आहे हे टिपले, आणि जवळचे लांबच लांब मातीचे आवार १७२३ मध्ये शोधून काढले. पुढे १७२९ मध्ये त्याने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. १७४० व १७४३ मध्ये त्याचे दोन ग्रंथ बाहेर पडले तोपर्यंत ही स्मारके ड्रुइडांची मंदिरे झाली होती आणि ड्रुइड हे ख्रिस्ती धर्मतत्त्वांची पूर्वकल्पना असलेले ऋषितुल्य पुरुष बनले होते. एव्हबरीचा संपूर्ण परिसर सर्पाच्या आकाराचा आहे असे दाखविण्यासाठी सर्पाचे डोके लंबगोल हवे होते. म्हणून त्या जागेवरील वर्तुळे त्याने लंबगोल करून छापली. स्टुकलीने पूर्वजांना हिणविले नाही, उलट गौरविले. परंतु तो गौरव त्यांच्याविषयी काही जाणून घेतल्यामुळे आलेला नव्हता. आपला धर्म त्यांच्या अंगावर चढविल्यामुळे आलेला होता. तिरस्कार आणि स्तुती या दोन्ही मार्गांनी आराखडा सारखाच वाकडा होऊ शकतो, हे जोन्स आणि स्टुकली यांना शेजारी ठेवले असता स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकात या वृत्तीला शास्त्राची भाषा मिळाली. जॉन लबक याच्या १८६५ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच प्राचीन अवशेष आणि ‘आधुनिक रानटी’ लोकांच्या चालीरीती यांची सांगड घातलेली आहे. या स्मारकांना प्रागैतिहासिक काळात स्थान देण्याचे श्रेय लबकला द्यावयास हवे. परंतु जगातील सर्व समाज एकाच शिडीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर उभे आहेत ही कल्पनाही याच लेखनाने रूढ केली. जॉन थर्नम या वैद्याने थडग्यांतील कवट्या मोजून लांब टेकाडांत लांब डोक्याचे, तर गोल टेकाडांत गोल डोक्याचे लोक पुरले आहेत असा नियम सांगितला आणि फुटलेल्या कवट्यांवरून नरबळीचे अनुमान काढले. पुढील तपासणीत काही कवट्यांवर खरोखरीचे आघात आढळले, काही केवळ मातीच्या दाबाने भंगलेल्या निघाल्या. आघात म्हणजे बळी, ही जोड मात्र हाडांनी दिलेली नव्हती; ती वाचकाने अगोदरच मनात केलेली होती. स्टोनहेंजमधील एका पडलेल्या शिलेला ‘वधशिला’ हे नाव पडले तेही याच मनोवृत्तीतून. तिच्यावर साचणारे पाणी तांबूस दिसते ते दगडातील लोहाच्या अंशामुळे.

या काळातील सर्वांत बोधप्रद लेखक म्हणजे जेम्स फर्ग्युसन. भारतात निळीच्या व्यवसायात पैसा मिळवून त्याने आपले आयुष्य वास्तुकलेच्या इतिहासाला वाहिले. महाराष्ट्रातील लेण्यांच्या अभ्यासकांना त्याचे आणि बर्जेसचे नाव अपरिचित नाही. १८७२ मध्ये त्याने सर्व देशांतील ओबडधोबड शिलास्मारकांवर मोठा ग्रंथ लिहिला. खासी टेकड्यांतील लोक अद्यापि शिला उभारतात, तेव्हा शिलास्मारक म्हणजे अतिप्राचीन असे समजण्याचे कारण नाही, हा त्याचा आक्षेप मोलाचा होता. परंतु त्यावरून त्याने अशी उडी घेतली की, ब्रिटनमधील बहुतेक स्मारके रोमनांच्या संपर्कानंतर, अर्धसंस्कृत झालेल्या लोकांनी उभारली. एव्हबरी त्याच्या मते आर्थर राजाच्या युद्धात पडलेल्या वीरांची स्मृती ठरली. हाच फर्ग्युसन भारतातील दगडी वास्तुकलेविषयी लिहितो तेव्हा ती कला ग्रीकांच्या संपर्कानंतरच उदयास आली असे प्रतिपादन करतो. आणि राजेंद्रलाल मित्र यांनी त्याला विरोध करताच १८८४ मध्ये त्यांच्यावर संबंध पुस्तक लिहितो. ब्रिटनमध्ये रोमन शिक्षक, भारतात ग्रीक शिक्षक. शिष्याला स्वतःहून काही सुचत नाही, हे दोन्ही ठिकाणी समान. मित्रांच्या वादातील वांशिक आढ्यता अभ्यासकांनी पुष्कळदा दाखवून दिली आहे. तिची तालीम फर्ग्युसनने बारा वर्षे आधी स्वतःच्या देशातील दगडांवर केली होती, याकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही.

१९०१ मध्ये विल्यम गाऊलंड याने स्टोनहेंज येथे मर्यादित परंतु शिस्तबद्ध उत्खनन केले. त्याला दगडी हातोडे व घणांचा मोठा संग्रह सापडला आणि शिलांची घडाई याच हत्यारांनी झाली हे निर्विवाद झाले. गाऊलंडने अनेक वर्षे जपानमध्ये टांकसाळीत काम केले होते आणि तेथील प्राचीन थडग्यांचा अभ्यास केला होता. साध्या साधनांनी आणि पुष्कळ माणसांच्या संघटित श्रमाने मोठे दगड कसे हलविले जातात, याची उदाहरणे त्याने तेथून घेतली. परदेशाशी तुलना ही पूर्वग्रहाचीच वाट असते असे नाही, हे येथे दिसते. फर्ग्युसनने परदेशात शिक्षक शोधला. गाऊलंडने कार्यपद्धती शोधली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसारवादाचे वर्चस्व होते. पेरीने १९२३ मध्ये बृहत्पाषाणांचा उगम थेट इजिप्तच्या सूर्यपुत्रांपर्यंत नेला. गॉर्डन चाइल्ड याची भूमिका कितीतरी अधिक संयत होती. तरीही युरोपच्या रानटी अंधारात पूर्वेकडून प्रकाश पोचला हे तिचे सूत्र होते. ऑर्कनी बेटांवरील स्काराब्रे या दगडी घरांच्या वस्तीचे उत्खनन केल्यावर १९३१ च्या ग्रंथात त्याने तिला शीर्षकातच ‘पिक्टिश’ म्हटले, म्हणजे ती ऐतिहासिक काळाच्या उंबरठ्यावर आणून ठेवली. नंतर खापरांच्या तुलनेवरून ती नवाश्मयुगीन ठरली. तिचा काळ इ. स. पू. ३१८० ते २५०० च्या आसपासचा आहे. तथापि चाइल्डविषयी न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, त्याचा प्रसारवाद हा जर्मन वंशवाद्यांच्या प्रागितिहासाला दिलेला जाणीवपूर्वक प्रतिकार होता. सर्व संस्कृती उत्तरेच्या गौरवर्णीयांनी निर्माण केली, या विखारी मताविरुद्ध त्याने पूर्वेचे ऋण मांडले. उदात्त हेतूही एखाद्या सदोष अनुमानाला आश्रय देऊ शकतो, याचे हे उदाहरण होय. पौर्वात्य वाचकाला ‘पूर्वेकडून प्रकाश’ हे शब्द सुखावणारे वाटतील. पण त्या प्रकाशाची गरज भासावी म्हणून अगोदर अंधार गृहीत धरलेला आहे, हे त्याने विसरता कामा नये.

स्टुअर्ट पिगट याने १९३८ मध्ये वेसेक्समधील सुवर्णसंपन्न थडगी ब्रिटनीहून आलेल्या सरदारवर्गाची मानली. पुढे १९५० मध्ये स्टुकलीच्या चरित्रात त्याची फसवी रेखाटने याच पिगटने मार्मिकपणे उघडी केली. परक्याचा पूर्वग्रह जितका स्वच्छ दिसतो तितका स्वतःच्या पिढीचा दिसत नाही. जुलै १९५३ मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन याला एका सार्सेन स्तंभावर खंजिराची कोरलेली आकृती दिसली. मायसीनीच्या खंजिराशी तिचे साम्य आहे असे वाटून १९५६ च्या ग्रंथात त्याने स्टोनहेंजचा शिल्पी मायसीनियन असावा, ही शक्यता पुढे केली. इतकी परिष्कृत रचना निव्वळ रानट्यांनी केली असे मानणे त्याला अधिक अवघड वाटले. जोन्सनंतर तीन शतकांनी, उत्कृष्ट उत्खननकर्त्याच्या लेखणीतून, तेच अनुमान जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा उतरले. वस्तुतः आडव्या शिला खुंटी आणि खोबण करून बसविलेल्या आहेत; ही सुतारकामाची रीत आहे. १९२५ मध्ये विमानातून आढळलेले वुडहेंज, म्हणजे लाकडी खांबांचे वर्तुळ, तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ होते. शिक्षक शोधण्यासाठी भूमध्य समुद्रापर्यंत जाण्याची आवश्यकता नव्हती.

या प्रकरणाचा निकाल भौतिकशास्त्राने लावला. लिबीच्या कार्बन-१४ पद्धतीने स्टोनहेंजच्या एका खड्ड्यातील कोळशाचा काळ १९५२ मध्ये इ. स. पू. १८४८, अधिकउणे २७५ वर्षे, असा आला. वृक्षवलयांच्या आधारे ही कालगणना दुरुस्त होऊ लागली तेव्हा बहुतेक तारखा आणखी मागे गेल्या. कॉलिन रेन्फ्रूने १९६८ च्या निबंधात आणि १९७३ च्या ग्रंथात त्याचा अर्थ स्पष्ट केला. मायसीनीची खोल राजथडगी इ. स. पू. १६०० च्या आसपासची; सार्सेन स्तंभ त्यांहून सुमारे नऊशे वर्षांनी जुने. विद्यार्थी शिक्षकाच्या आधी नऊ शतके जन्मला. तो खंजीरही, त्याच्यासोबतच्या शंभराहून अधिक कुऱ्हाडींच्या आकृत्यांप्रमाणे, स्तंभ उभे राहिल्यानंतर कित्येक शतकांनी कोरलेला आहे.

येथे विवेचन संपविता आले असते तर ते सोयीचे झाले असते. पण पुरावा तितका सरळ नाही. रेन्फ्रूनंतरच्या पिढीत स्थलांतराचा उल्लेख करणेच मागासलेपणाचे समजले जाऊ लागले. २०१८ मध्ये प्राचीन जनुकद्रव्याच्या अभ्यासाने दाखविले की, इ. स. पू. २४५० च्या सुमारापासून घंटाकृती चषक वापरणारे लोक ब्रिटनमध्ये आले आणि काही शतकांत तेथील वंशपरंपरेचा सुमारे नव्वद टक्के भाग बदलला. त्यापूर्वीचे शेतकरीही इ. स. पू. ४००० च्या सुमारास खंडातूनच आले होते आणि त्यांचे दूरचे पूर्वज एजियन प्रदेशातील होते. म्हणजे बाहेरून कोणी आलेच नाही, हे मतही एक पूर्वग्रहच ठरले. तथापि यामुळे जुन्या अनुमानाचे पुनरुज्जीवन होत नाही. सार्सेन स्तंभ उभारणारे लोक दीड हजार वर्षे त्या बेटावर नांदत होते. आणि नंतर आलेल्यांनी ही कला बरोबर आणली असे दाखविणारा पुरावा नाही. माणसे आली काय आणि माणसांना अक्कल कोणी दिली काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गौरवाचा पूर्वग्रहही या काळात पुन्हा प्रकटला. अभियांत्रिकीचे प्राध्यापक अलेक्झांडर थॉम यांनी शेकडो शिलावर्तुळे मोजून १९६७ मध्ये २.७२ फुटांचा ‘बृहत्पाषाणी यार्ड’ आणि सूक्ष्म ज्योतिर्गणित यांचा सिद्धान्त मांडला. मोजमापे उत्तम होती. त्यांतून निघालेली अचूकता मात्र पुढील सांख्यिकी परीक्षणात बरीचशी विरून गेली. स्टुकलीला पूर्वजांत धर्मोपदेशक दिसले, थॉमना अभियंते दिसले.

याउलट १९९८ चा एक प्रयत्न वेगळ्या कारणाने विचारार्ह आहे. मादागास्करचे पुरातत्त्वज्ञ रामिलिसोनिना आणि त्यांचे इंग्रज सहकारी माइक पार्कर पिअर्सन यांनी, दगड पूर्वजांसाठी आणि लाकूड जिवंतांसाठी, या मालागासी धारणेच्या आधारे स्टोनहेंज व डरिंग्टन वॉल्स यांचा संबंध सुचविला. अशा तुलनेवर तत्काळ आक्षेप घेतले गेले आणि ते निराधार नव्हते. दूरच्या समाजाची श्रद्धा साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना लावता येत नाही. परंतु या कल्पनेतून एक तपासता येणारे विधान निघाले आणि त्यानुसार उत्खनन झाले. डरिंग्टन वॉल्स येथे घरांची वस्ती आणि मेजवान्यांचे अवशेष सापडले. लबकच्या ग्रंथात ‘रानटी’ माणूस हा नमुना होता. येथे त्याच्यासारख्याच वसाहतीतून आलेला माणूस सहलेखक आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा इतिहास परका नाही. कर्नल मेडोज टेलर याने दख्खनमधील शिलावर्तुळांना केल्टिक, ड्रुइडी अथवा सिथियन म्हटले. रिव्हेट-कार्नाक याने १८७९ मध्ये नागपूरजवळील जुनापाणीच्या शिलांवरील वाटीसारख्या खुणांची ब्रिटनमधील खुणांशी तुलना केली. ज्या ड्रुइडांचा खुद्द स्टोनहेंजशी संबंध सिद्ध झालेला नव्हता, ते असे विदर्भाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचले. नंतरच्या उत्खननांनी विदर्भातील या स्मारकांचा विचार तेथील लोखंड, घोडे, खापरे आणि वस्त्या यांच्या संदर्भात करावयास शिकविले, तेव्हाच ती बोलू लागली.

या सर्व इतिहासातून निष्पन्न होणारी गोष्ट अभ्यासकांच्या सद्भावनेविषयीची नाही. ऑब्रे पूर्वग्रहदूषित असूनही बरोबर निघाला. चाइल्ड उदारमनाचा असूनही चुकला. फरक पडला तो पद्धतीमुळे. जेथे निष्कर्ष प्राचीन माणसाच्या योग्यतेविषयीच्या मतावर टेकलेला होता तेथे तो कोसळला. जेथे तो विस्तार, हत्यारे, स्तर आणि काळ यांवर टेकलेला होता तेथे तो टिकला. म्हणून कोणत्याही स्मारकाविषयीचा प्रबंध वाचताना प्रथम एक परीक्षा करणे हितावह आहे : त्यातून ‘हे लोक असे करू शकत होते’ किंवा ‘करू शकत नव्हते’ ही विधाने वगळली, तर युक्तिवाद उभा राहतो काय? जोन्सचा राहत नाही, फर्ग्युसनचा राहत नाही, ॲटकिन्सनच्या मायसीनियन शिल्प्याचाही राहत नाही. २०२४ मध्ये स्टोनहेंजची मधली ‘वेदीशिला’ ईशान्य स्कॉटलंडमधून, सातशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, आणलेली असल्याचे खनिजांच्या परीक्षणावरून दिसून आले. हे अंतर कोणाच्याही कल्पनेतील ‘रानटी’ माणसाला झेपणारे नव्हते. प्रत्यक्षातील माणसांनी मात्र ते पार केले होते.